पार्सलबाईचा हात

पार्सलबाईला पहिल्या दिवशीच वाटलं, इथं काहीतरी गोलमाल आहे.

जिमच्या दाराशी पुरुषभर उंचीचा फोटो लावला होता. पांढऱ्या केसांची एक म्हातारी, हातात लोखंडी रॉड, रॉडच्या दोन्ही टोकांना ताटाएवढ्या चकत्या, गळ्यात पदक आणि खाली ठळक अक्षरांत 'वय वर्षे ७३'. पार्सलबाईनं चष्मा कपाळावर सरकवून फोटो जवळून पाहिला, मग चष्मा नाकावर आणून लांबून पाहिला. त्र्याहत्तर? त्र्याहत्तराव्या वर्षी मान अशी असते होय! आणि त्या चकत्या लाकडाच्या असणार. वरून काळा रंग दिला की कोण हात लावून बघतंय?

असं वाटण्यात तिचा फारसा दोष नव्हता. चौतीस वर्षं पोस्टाच्या पार्सल खिडकीवर काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? लोक गळ्याची शपथ घेऊन सांगत, "आत नुसते कपडे आहेत हो," आणि खोकं कलतं केलं की आत काहीतरी डुबुक करी. एकदा 'मुलाची पुस्तकं' म्हणून आलेल्या खोक्यातून जिवंत कासव निघालं होतं. तेव्हापासून ती प्रत्येक पार्सल आधी हातात घेई, कानाशी हलवी, नाकाशी नेई आणि वजन सांगे. "दोन किलो तीनशे." मग काट्यावर ठेवी, आणि काटा मुकाट्यानं दोन किलो तीनशेवर येऊन थांबे. पोस्टमास्तर म्हणायचे, "काटा दुरुस्तीला गेला तरी चालेल, बाईंनी रजा घेता कामा नये." ती म्हणायची, "हात देवानं दिलाय. त्यात माझं काही नाही. पण तो खोटं बोलत नाही, एवढं खरं."

तर अशी ही पार्सलबाई. निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, एकसष्टावं लागलेलं, आणि आता पोराचे जुने बूट घालून जिमच्या दारात उभी. हौस म्हणून आली नव्हती. घरातलं माणूस घरात राहावं म्हणून आली होती.

तिचा नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अर्ध्या गावाची नावं त्याच्या हातची. आदल्या वर्षी एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि त्याबरोबर उजवं अंगच सुटलं. वाचा परत आली, पण शब्द एकेक करून येई, जिना चढणाऱ्या दमेकऱ्यासारखा. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर त्याला कुणीतरी उचलून न्यावं लागे. मुलगा परगावी. म्हणजे कुणीतरी म्हणजे पार्सलबाईच. आणि एक दिवस उचलता उचलता तिच्या पाठीत उसण भरली, गुडघे मोडले आणि दोघंही जमिनीवर आली. लागलं नाही, देवाची दया. पण उठताही येईना. खालच्या मजल्यावरचा शिंपी पेंटरची विजार द्यायला वर आला तेव्हा दोघं तासभर भिंतीला टेकून बसलेली होती.

"वहिनी, खाली का बसलाय?" शिंप्यानं विचारलं होतं.

"गार वाटतंय म्हणून!" पार्सलबाई खेकसली होती.

शिंप्याच्या पोटात काही राहत नाही. मुलाला कळलं. तो आला, दोन दिवस घरात मुक्यानं फिरला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, शहराबाहेर एक शुश्रूषा केंद्र आहे. चांगलं आहे, मी बघून आलोय. बाबांचं नाव घातलंय. तीन महिन्यांनी जागा होईल."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"आणि मी यांना उचलू शकले तर?"

मुलगा हसला नाही, तेच तिला जास्त लागलं. "आई, बाबा चौसष्ट किलोचे आहेत. तीन महिन्यांनी मी फिजिओथेरपिस्ट बाईंना घेऊन येतो. त्यांच्यासमोर तू एकटीनं बाबांना नीट खुर्चीत बसवलंस, तर मी नाव काढून घेतो. नाहीतर मग तू हट्ट करायचा नाहीस."

पेंटर पलंगावरून छताकडे बघत होता. त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं.

म्हणून जिम. सकाळी साडेसहा ते साडेसात, वयस्कर लोकांची वेगळी तुकडी. तेवढा तास शिंपी शिवणाचं काम घेऊन पेंटरपाशी बसायचा. पार्सलबाई निघताना पेंटरचा नाश्ता झाकून ठेवायची आणि शिंप्याला बजावायची, "भरवून घ्या. सगळं संपलं पाहिजे."

जिमचा ट्रेनर चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, पण आवाज असा की शेजारच्यालाही ऐकू येऊ नये. पार्सलबाईला हळू बोलणाऱ्या माणसांचा भरवसा वाटत नसे. "काय लपवायचंय याला?" ती मनाशी म्हणाली.

आणि फोटोतली म्हातारी खरोखरच तिथं होती. हातांना सदा पांढरी खडूची पूड लावलेली, रॉड घसरू नये म्हणून. त्यामुळे सगळे तिला खडूबाई म्हणत. पार्सलबाईला वाटलं, मास्तरीण असावी. निघाली बसकंडक्टर. तिनं पहिल्याच दिवशी पार्सलबाईला वरून खाली बघितलं आणि विचारलं, "कुठं उतरायचंय?"

"म्हणजे?"

"अगं, कशासाठी आलीस? वजन कमी करायचंय? गुडघा? की सून छळते?"

"नवऱ्याला उचलायचंय."

खडूबाईनं भुवया उडवल्या. "आत्तापर्यंत डोक्यावर बसवला असशील, आता हातांनी उचल."

पार्सलबाई हसली नाही. ती तपासत होती. दुसऱ्या दिवशी तिनं सहज म्हणून विचारलं, "तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा किती वर्षांच्या होतात?"

"एकवीस."

दोन दिवसांनी, पाणी पिताना, "नोकरी किती वर्षं केलीत म्हणालात?"

"म्हणाले नव्हते. सदतीस."

आणि आठवड्याच्या शेवटी, बुटाचे बंद बांधताना, "निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली असतील, नाही?"

"पंधरा. आता बेरीज कर आणि मोकळी हो."

बेरीज त्र्याहत्तर आली. पार्सलबाईला वाटलं, पाठ करून ठेवलं असणार.

पहिले दोन आठवडे तिच्या हातात लोखंड दिलंच नाही. झाडूच्या दांड्याएवढी एक लाकडी काठी दिली आणि ती जमिनीवरून उचलायला शिकवलं. पाय रोवायचे, गुडघे वाकवायचे, कंबर पाठीसकट ताठ, श्वास पोटात धरायचा आणि जमीन पायांनी खाली ढकलायची. "काठी हातानं उचलायची नाही, पायांनी उचलायची," ट्रेनर कुजबुजला. शेजारी निवृत्त पोस्टमन, निवृत्त नर्स असे चारपाच जण आपापल्या काठ्या घेऊन वाकत होते. लांबून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, काहीतरी सांडलंय आणि सगळी म्हातारी माणसं ते गोळा करतायत.

मग काठी जाऊन रॉड आला, रॉडला छोट्या चकत्या आल्या, मग मोठ्या. अंग इतकं दुखे की घरी पेंटरच्या शेजारी पडल्यावर दोघांपैकी आजारी कोण ते सांगता आलं नसतं. पाचव्या आठवड्यात एक सकाळ अशी आली की एका पायात बूट घालून ती पलंगाच्या कडेवर तशीच बसून राहिली. दुसरा बूट घालवेना. कशासाठी? एकसष्टाव्या वर्षी कुणाची हाडं बदलतात का? ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी खडूबाईनं गाठलं.

"काल दिसली नाहीस."

"मन लागत नव्हतं."

"मन लागायची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील."

"झालेच आहे."

"मग वाट कसली बघतेस?" खडूबाईनं हातावरची पूड झटकली. "ऐक. मी साठीला आले तेव्हा एकदा न्हाणीघरात खाली बसले. घसरले नाही, पडले नाही, नुसती बसले. आणि उठताच येईना. दोन तास. पोरं दार ठोठावतायत, आणि मी आतून म्हणतेय, अंघोळ चाललीय. सदतीस वर्षं उभ्यानं नोकरी केलेली बाई मी! त्या दिवसापासून एकच ठरवलंय. मन नसेल त्या दिवशीही यायचं, एकदा रॉड उचलायचा आणि घरी जायचं. एकदाच. पण यायचं."

"आणि एकदाच उचलून गेलात कधी?"

"तेरा वर्षांत चारदा. बाकी वेळा आल्यावर वाटलं, बूट घातलेच आहेत तर अजून एकदा."

गोष्ट चांगली होती. इतकी चांगली होती की पार्सलबाईला परत शंका आली. प्रत्येक नव्या माणसाला हीच सांगत असेल. दारावर फोटो हिचाच, तोंडात गोष्ट हिचीच, आणि ट्रेनर जाता येता हिच्या कानाशी लागतो. ही पगारावर ठेवलेली असणार. तरी दुसऱ्या दिवसापासून मन नसलं की ती म्हणे, एकदाच उचलून येते, आणि दुसरा बूट घाली. गोष्ट खोटी असली तरी बुटांना काय त्याचं!

आठव्या आठवड्यात मात्र तिला धडधडीत पुरावा मिळाला, असं वाटलं.

सोमवारी ती आली तर सगळ्या चकत्यांना नवा करडा रंग दिलेला. वरचे आकडे पांढऱ्यानं पुन्हा लिहिलेले. तिनं '१०' लिहिलेली एक चकती जागेवरून काढली आणि सवयीनं हातात तोलली. हात म्हणाला, आठ.

तिनं दुसरी घेतली. आठ. पाचची घेतली. हात म्हणाला, चार.

ती रॉडवर पन्नास किलो उचलत होती, आणि ट्रेनर हळू आवाजात म्हणत होता, "छान, काकू, अजून महिन्यात साठ होतील." म्हणजे पन्नास नव्हतेच! चाळीस होते. म्हाताऱ्या माणसांना खूश ठेवायला हलक्या चकत्यांवर मोठे आकडे! इतरांचं ठीक आहे, त्यांना घरी जाऊन फुशारकी मारायची आहे. तिला चौसष्ट किलोचा माणूस धरायचा होता. रॉड खोटा निघाला तर जमिनीवर आदळतो. पेंटर आदळला तर?

त्याच वेळी कोपऱ्यातून तिला ऐकू आलं. ट्रेनर खडूबाईला म्हणत होता, "त्यांना अजून सांगू नका हं. उगाच मनात किंतू येतो लोकांच्या."

"अरे, मी कशाला सांगू?" खडूबाई म्हणाली.

झालं. आता शंकेला जागाच उरली नाही. पार्सलबाईनं दहाची एक चकती आपल्या कापडी पिशवीत सरकवली, वर टॉवेल टाकला, आणि चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्यांवर संशय घेतलेली ती बाई चोरासारखी मान खाली घालून बाहेर पडली. रस्त्याला लागल्यावर मनातल्या मनात देवाची माफी मागितली. "परत आणून देईन. फक्त खरं कळू दे."

पोस्ट वीस मिनिटांवर होतं, खिडकी आठला उघडायची. तिच्या खिडकीवर आता एक तरतरीत मुलगी बसायची.

"अय्या, पार्सलबाई! कुठं पाठवायचंय?"

"कुठं नाही. नुसतं वजन बघ."

"आत काय आहे?"

"लोखंड."

"नुसतं लोखंड? की लोखंडात काही?" मुलगी डोळे बारीक करून म्हणाली. तिला पार्सलबाईनंच शिकवून तयार केलं होतं.

"अगं ठेव मुकाट्यानं."

काट्यावर आकडे पळाले आणि थांबले. दहा किलो वीस ग्रॅम.

"परत ठेव."

दहा किलो वीस ग्रॅम.

"काटा बिघडलाय तुझा."

"मागच्याच महिन्यात तपासून शिक्का मारून गेलेत. हा बघा शिक्का." मुलीनं शेजारचं एक खोकं उचलून खिडकीतून पुढे केलं. "हे सांगा बघू. तुम्ही होतात तेव्हा सगळे सांगायचे, बाईंचा हात म्हणजे हात."

पार्सलबाईनं खोकं हातात घेतलं. "एक किलो सातशे."

काटा म्हणाला, दोन किलो शंभर.

"आण ते दुसरं. चार किलो."

पाच किलोला वीस ग्रॅम कमी.

तिसरं, चौथं. सगळी कमी. प्रत्येक वेळी हात कमीच सांगत होता. मागं रांगेत उभा असलेला एक माणूस खाकरला. मुलीनं खोकी परत घेतली आणि मायेनंच म्हणाली, "जाऊ द्या हो, बाई. वय झालं की होतं असं."

पिशवी घेऊन पार्सलबाई परत निघाली. चकती खरी होती, याचा आनंद होण्याऐवजी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पेंटरचा हात गेला, आता आपलाही गेला. एवढी एक गोष्ट देवानं दिली होती, तीही त्यानं मागून घेतली. बरं, घेतली तर घेतली, पण निदान सांगून तरी घ्यायची.

जिमच्या दारातच खडूबाई उभी होती, कमरेवर हात.

"दहाची एक चकती कमी आहे. पिशवीत काय आहे?"

पार्सलबाईच्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं. चकत्या हलक्या वाटल्याचं, पोस्टात जाऊन आल्याचं, हात गेल्याचं. आणि बोलता बोलता राग आला तशी म्हणाली, "आणि तुम्ही दोघं काय लपवताय माझ्यापासून? मी ऐकलंय सकाळी!"

खडूबाई भिंतीशी असलेल्या बाकावर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की खडूचे हात तोंडाला लागून मिशा उमटल्या. आतून ट्रेनर धावत आला. "काय झालं, आई?"

"आई?" पार्सलबाई म्हणाली.

"सासू आहे मी याची," खडूबाई डोळे पुसत म्हणाली. "हेच लपवतो तो. म्हणतो, लोकांना कळलं तर म्हणतील, घरचीच म्हातारी उभी केलीय फोटोला. फी मात्र पूर्ण घेतो हो, मेला!"

"मग मला शंका आली ते बरोबरच होतं की," पार्सलबाई म्हणाली. निदान एवढं तरी बरोबर निघालं.

"तेवढंच. आता इकडे ये. पोस्टापासून इथवर पिशवी कुठल्या हातात धरलीस?"

"ह्या."

"आणि जाताना?"

पार्सलबाई थांबली. जातानाही उजवाच. वीस मिनिटं जायला, वीस यायला. हात बदलायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"दोन महिन्यांपूर्वी ही पिशवी कोपऱ्यापर्यंत तरी गेली असती का?" खडूबाईनं विचारलं. "अगं येडे, हात बिघडला नाही तुझा. त्याला बळ आलंय. त्याचं जुनं माप आता चालायचं नाही, नवं शिकव त्याला. माझं तर काय झालं माहितेय? नातवंडं मला दर महिन्याला हलकी लागायला लागली. मी सुनेशी भांडले, पोरांना उपाशी ठेवतेस म्हणून. आठ दिवस बोलत नव्हतो आम्ही. तिनं शेवटी पोरांना उचलून दवाखान्यात नेलं, वजन करून चिठ्ठी आणली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली."

पार्सलबाईनं आपला तळहात उलटा सुलटा करून पाहिला. बोटांच्या मुळाशी चार घट्टे उठले होते. तिला पटलं की नाही, हे सांगता येणार नाही. पण घरी जाताना ती जिने न थांबता चढली, आणि वर पोहोचल्यावर लक्षात आलं की थांबायची राहिलीच.

आता खरी पंचाईत पुढे होती. रोज पेंटरला उचलताना तो तिला थोडा थोडा हलका लागू लागला. खडूबाईचं ऐकायचं तर ही तिची ताकद. पण हाताचं मापच नवं, त्याला विचारणार कसं? तिनं पेंटरच्या विजारीची नाडी बघितली. ती आधीपेक्षा वीतभर जास्त लोंबत होती. मग तिची नजर शिंप्याकडे गेली. शिंप्याच्या सदऱ्याची पोटावरची गुंडी ताणून बसली होती. सदरा त्यानं स्वतःच शिवलेला, आणि स्वतःच्या मापात चुकणारा शिंपी तो नव्हे.

दुसऱ्या दिवशी ती बूट घालून निघाली, जिन्यात दहा मिनिटं उभी राहिली आणि परत आली. शिंपी पलंगाशेजारी बसून तोंड भरून खात होता. पेंटर त्याच्याकडे समाधानानं बघत होता.

"वहिनी," शिंपी घास गिळून म्हणाला, "यांनीच सांगितलं. अर्धं त्यांनी, अर्धं मी. रोज. नाही म्हटलं तर रडायला लागतात हो. मला पाप लागू दे, पण मी काय करू?"

"किती दिवस?"

"तुम्ही जिमला जाताय तेवढे."

तिनं शिंप्याला खाली पाठवलं, पलंगाच्या कडेवर बसली. "अहो, मी तिकडे तुमच्यासाठी वजन वाढवतेय, आणि तुम्ही इकडे वजन उतरवताय? अंगात जीव राहिला नाही म्हणजे काय उचलू मी?"

पेंटरनं डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. शब्द यायला वेळ लागला. "अर्धं... तू. अर्धं... मी."

तिनं नाक ओढलं. "तुम्हाला जायचंय का तिथं? खरं सांगा. कुणी विचारलंच नाही तुम्हाला."

"नाही."

हा एकच शब्द त्याच्या तोंडून न अडखळता आला.

"मग खा," ती म्हणाली. "पूर्ण चौसष्ट व्हायचं. हलक्या माणसाला उचलून मी पोराला फसवणार नाही."

त्या दिवसापासून ती जिमला जायच्या आधी स्वतः भरवी आणि ताट धुऊन निघे. शिंप्याला नुसता चहा.

मुलगा आला तो ठरल्या दिवशी, फिजिओथेरपिस्ट बाईंना घेऊन. आल्या आल्या त्यानं खोलीवर नजर फिरवली, दाराआड बघितलं.

"काय शोधतोयस?"

"शिंपीकाका कुठं आहेत? मदतीला कुणी लपलेलं नाही ना?"

"माझाच मुलगा शोभतोस," पार्सलबाई म्हणाली.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी पेंटरला बरोबर आणलेल्या वजनाच्या खुर्चीवर घेतलं. त्रेसष्ट किलो आठशे. मग त्याला परत पलंगावर घेऊन त्याची चाकांची खुर्ची जवळ तिरकी लावली, चाकं अडवली आणि त्या बाजूला झाल्या. पार्सलबाईनं पेंटरला पलंगाच्या कडेला आणून बसवलं, त्याच्या उजव्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवला, त्याच्या कमरेला बांधलेला उचलायचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. मनात देवाचं नाव घेतलं. "तीन म्हटलं की," ती म्हणाली. "एक, दोन..."

पेंटर दोनलाच उठला. तोल गेला. मुलगा ओरडून पुढे धावला. पार्सलबाईनं पाय होते तिथंच ठेवले, पेंटरला अंगाशी धरून क्षणभर तशीच उभी राहिली आणि सावकाश, बारशाच्या बाळाला ठेवावं तसं, त्याला परत पलंगावर टेकवलं.

"बघितलंस?" मुलगा म्हणाला. "बघितलंस, आई? हेच होणार रोज!"

"काय झालं?" फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या. "तोल गेलेला माणूस त्यांनी हातात धरून परत ठेवला. मला याहून जास्त काही बघायचं नव्हतं. पण करा, परत करा."

"अहो, दोनला कशाला उठलात?" पार्सलबाई पेंटरला म्हणाली.

"घाई..." पेंटर म्हणाला.

दुसऱ्यांदा तो तीनला उठला. ती त्याला घेऊन वळली आणि तो खुर्चीत बसला. मग मुलानं सांगितलं म्हणून खुर्चीतून पलंगावर. त्याला अजून खात्री पटेना म्हणून परत खुर्चीत. पार्सलबाईला घाम फुटला होता, पण श्वास तिच्या ताब्यात होता. मुलगा खिडकीशी गेला, फोन लावला आणि पाठमोरा उभा राहून म्हणाला, "हो, त्यांचंच नाव. जागा दुसऱ्या कुणाला द्या." फोन खिशात ठेवून तो वळला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते, तरी शंका होतीच. "आणि उद्या तूच आजारी पडलीस तर?"

"तर तू येशील," पार्सलबाई म्हणाली. "ये इकडे. आत्ताच शीक."

"मी?"

"मग काय शिंपी? धर पट्टा."

मुलानं बाह्या सारल्या आणि कंबरेतून वाकून बापाला हात घातले.

"गुडघे!" दोन्ही बायका एकदम ओरडल्या.

तो दचकून सरळ झाला. परत वाकला, या वेळी गुडघ्यांतून. एक, दोन, तीन. पेंटर वीतभर वर आला आणि परत खुर्चीत बसला. मुलगा गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. पेंटरनं डाव्या हातानं त्याचा दंड चाचपून पाहिला आणि बायकोकडे बघून मान हलवली.

"कच्चा... आहे."

"असू दे," पार्सलबाई म्हणाली. "चार दिवस रजा काढून आलाय म्हणे. उद्या साडेसहाला याला घेऊन जाते. सुरुवात काठीपासून."